लेकराला कुठं टाकावं? डिग्री की कोर्स, हे ठरवण्याची रीत

जून उजाडला की माझी बसायची जागा ठरलेली. नोकरीत होतो तेव्हा आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये असायचो, जोडारी म्हणजे फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून. निवृत्त झाल्यापासून भाच्याच्या झेरॉक्सच्या दुकानात एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर असतो. दुकान लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, स्टँडसमोर. निकाल लागला की फॉर्म भरायला झुंबड उडते आणि फॉर्म भरता भरता एकच प्रश्न येतो: "सर, लेकराला कुठं टाकावं?"

मागच्या जूनमध्ये एक गृहस्थ आले. हातात खताच्या दुकानाची पिशवी, तिच्यात दोन लेकरांचे कागद. मुलगी बारावी सायन्स, ६८ टक्के. मुलगा दहावी, ५४ टक्के. चार एकर जमीन, सगळं सोयाबीन. पोरगी मागं उभी, पोरगा बाहेर मोटारसायकलवर. बापाचं घरूनच ठरलेलं होतं. पोराला संभाजीनगरला ठेवून डिग्रीपर्यंत शिकवायचं आणि पोरीला सहा महिन्यांच्या 'नर्सिंग'च्या कोर्सला घालायचं. कोर्सचा बोर्ड त्यांनी स्टँडजवळच पाहिला होता. "तिच्या हाताला लवकर काम लागंल," ते म्हणाले.

आम्ही तीन तास बसलो. ज्या क्रमानं बोललो, त्याच क्रमानं खाली लिहितो.

पायरी १: आधी दार ठरवा, मग कागद

डिग्री चांगली की कोर्स चांगला, हे विचारणं म्हणजे पान्हा चांगला की पकड चांगली असं विचारणं. नट कुठला ते आधी बघावं लागतं. म्हणून एक कोरा कागद घ्या आणि लेकराला विचारून तीन कामांची नावं लिहा. लेकराला विचारून, हे महत्त्वाचं. "काहीतरी चांगलं" हे कामाचं नाव नाही. "तलाठी", "मेडिकल दुकान", "वाळूजला सीएनसी ऑपरेटर" (म्हणजे कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं यंत्र चालवणारा) अशी नावं हवीत.

आता प्रत्येक कामाची जुनी खरी जाहिरात मोबाईलवर शोधा. तिच्यात 'शैक्षणिक अर्हता' अशी ओळ असते. पगाराआधी ती वाचा. राज्यसेवा, पोलीस उपनिरीक्षक, तलाठी, बँकेतला क्लार्क या सगळ्यांना पदवी लागते, कोणत्याही शाखेची चालते. पोलीस शिपायाला बारावी. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटला दहावीवर ठरावीक ट्रेडचा आयटीआय चालतो. महावितरणच्या विद्युत सहाय्यकाला वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेड लागतो, तिथं नुसत्या बी.ए.चा काही उपयोग नाही. म्हणजे सरकारी दारांतही प्रत्येकाचं कुलूप वेगळं.

दुसऱ्या जातीची दारं परवान्याची. यात लोक सगळ्यात जास्त फसतात. मेडिकल दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, म्हणजे किमान दोन वर्षांचं डी.फार्म. मेडिकलवर दहा वर्षं काम केलेल्या पोराला सगळी औषधं तोंडपाठ असतात, पण परवाना त्याच्या नावावर निघत नाही. कीटकनाशकं विकायची तर कृषी किंवा ठरावीक विज्ञान विषयांची पदवी नाहीतर त्यासाठी मान्य असलेली एक वर्षाची पदविका दाखवावी लागते. नर्सिंगचंही तेच. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बी.एस्सी. नर्सिंग चार. हे मान्यताप्राप्त संस्थेतून केलं तरच नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळते. सहा महिन्यांच्या कोर्सवर दवाखान्यात मदतनीस म्हणून ठेवतील, पण 'सिस्टर' म्हणून नोंदणी होणार नाही आणि सरकारी भरतीचा फॉर्म भरता येणार नाही.

हे ऐकून ते गृहस्थ गप्प झाले. पोरगी पहिल्यांदाच बोलली, "मी म्हणलं होतं पप्पा."

तिसऱ्या जातीची दारं हाताची. वेल्डिंग, टर्निंग, सीएनसी, एसी दुरुस्ती, मोबाईल रिपेअरिंग, शिवणकाम, टॅलीवर हिशेब. इथं पहिल्या दिवशी "काय शिकला?" असं विचारत नाहीत, "येतं का?" असं विचारतात आणि करून दाखवायला लावतात. माझे विद्यार्थी चिकलठाण्याला मुलाखतीला जायचे तेव्हा सुपरवायझर टेबलावर एक पिन आणि जाडी मोजायचं मायक्रोमीटर ठेवायचा. पिन किती मिलिमीटरची, सांग. ज्यानं थिंबल, म्हणजे त्याची फिरती नळी, हातानं आवळून आवळून फिरवली, तो तिथंच बाद. मायक्रोमीटरच्या टोकाला रॅचेट असतं, ते दोन-तीनदा 'टिक टिक' वाजलं की थांबायचं आणि मग ०.०१ मिलिमीटरपर्यंत वाचायचं. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं, पण बोटांत बसायला महिना जातो. अशा दारावर चार महिन्यांचा चांगला कोर्स तीन वर्षांच्या रिकाम्या डिग्रीला भारी पडतो.

पण हाताच्या दारातून आत गेल्यावर वर चढायचा जिना पुन्हा कागद मागतो. लाइनवर चार-पाच वर्षं घासली, काम उत्तम, तरी सुपरवायझरची जागा डिप्लोमावाल्याला जाते. कंत्राटावरून कायम करतानाही ट्रेडचं प्रमाणपत्र बघतात. म्हणून कागदावर दार लिहिलं की त्याच्यासमोर 'आत गेल्यावर पुढं काय' हेही लिहा.

पायरी २: लाट ओळखा

माझ्या डोळ्यांदेखत तीन लाटा येऊन गेल्या. पहिली डी.एड.ची. एक काळ असा होता की डी.एड.ला नंबर लागला की गावात पेढे वाटायचे, कोणी वावर विकून जागा घ्यायचे. २०१२ मध्ये राज्यानं शिक्षकभरती थांबवली आणि डी.एड. झालेली पोरं पुढची कितीतरी वर्षं वाट बघत राहिली. त्यातले काही आज शिक्षक आहेत, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा देऊन, सरकारच्या पवित्र या शिक्षकभरती पोर्टलवरून लागलेले. काही माझ्या भाच्याकडूनच फॉर्म भरून घ्यायला येतात, वय उलटत चाललेलं. मग आली इंजिनिअरिंगची लाट. आता दर दोन गावांआड डी.फार्मचं कॉलेज दिसतं. डी.फार्म वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण एका तालुक्यात मेडिकल दुकानं किती चालतील, हे स्टँडपासून बाजारापर्यंत चालत मोजता येतं. मोजा खरंच.

वर्तमानपत्रातल्या मथळ्यांवरही लेकरू टाकू नका. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करनं संभाजीनगरच्या मोठ्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला, विजेवरच्या स्कूटर बनवणाऱ्या एथरनंही तिथल्याच ऑरिक या औद्योगिक नगरीत कारखाना जाहीर केला. आनंदाची गोष्ट आहे. पण करार झाल्यापासून गेटवर भरतीचा बोर्ड लागेपर्यंत काही वर्षं जातात. त्या बातमीची कात्रणं चिकटवून 'ईव्ही टेक्निशियन, तीन महिन्यांत' असे बोर्ड मात्र आठवड्यात लागतात. त्यापेक्षा वीजतंत्री किंवा मोटार मेकॅनिकचा पाया पक्का करा, गाडी पेट्रोलवर चालो की बॅटरीवर.

मराठवाड्यात डिग्रीचा मान मोठा आहे आणि त्याला कारण आहे. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नावालाच होती. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उघडलं, त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं, १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ झालं. त्या कॉलेजांतून निघालेल्या पहिल्या पिढीनं घरंच्या घरं वर काढली. आजोबांच्या डिग्रीनं घर उभं राहिलेलं ज्यानं पाहिलंय, त्याला "डिग्री काय कामाची" असं ऐकवू नये. तेव्हा पदवीधर मोजके होते, आज एका जागेला हजारो अर्ज येतात, एवढाच काय तो फरक.

पायरी ३: हिशेब पावतीच्या मागं मांडा

त्या गृहस्थांच्या पिशवीत डीएपीच्या पोत्यांची पावती होती. तिच्याच मागं मी हिशेब मांडला. आकडे तुमच्या गावाप्रमाणं बदला, रीत तीच ठेवा.

शहरात राहून बी.ए. किंवा बी.एस्सी. करायची तर खोलीचा वाटा २,०००, मेस ३,००० आणि किरकोळ १,००० धरू. महिन्याला ६,०००. वर्षाचे दहा महिने, तीन वर्षं, म्हणजे १,८०,०००. कॉलेजची फी वर्षाला १०,००० धरली तर ३०,००० आणखी. झाले २,१०,०००. बहुतेक लोक इथंच थांबतात. पण ती तीन वर्षं लेकरानं कुठं महिना ९,००० चं काम केलं असतं तर ३,२४,००० आले असते. ते आले नाहीत, म्हणजे तेही खर्चातच धरा. डिग्रीची खरी किंमत झाली ५,३४,०००.

आता चार महिन्यांचा कोर्स. फी ४५,०००, राहण्या-खाण्याचे २४,०००, मिळून ६९,०००. काम लागलं १३,००० वर, त्यातले ६,००० राहण्यात गेले, हातात उरले ७,०००. म्हणजे घातलेला पैसा दहा महिन्यांत निघाला. कागदावर कोर्स सरळ जिंकतो. पण तीन गोष्टी त्या पावतीवर मावत नाहीत. पहिली, काम लागलंच नाही तर? दुसरी, सॉफ्टवेअरच्या किंवा मशीनच्या कोर्सला वय असतं, पाच वर्षांत तो जुना होतो आणि पुन्हा शिकावं लागतं. बी.ए.चं प्रमाणपत्र चाळिसाव्या वर्षीही तलाठ्याच्या जाहिरातीत चालतं, वयोमर्यादेत बसलात तर.

तिसरी गोष्ट आपल्याकडचीच आहे. डिग्रीचे प्रवेश जून-जुलैत होतात. नेमका तेव्हाच बापाचा सगळा पैसा बियाण्यात आणि खतात गाडलेला असतो. सोयाबीनचा पैसा हातात यायचा दसरा-दिवाळीला. मग फीसाठी सावकार, आणि त्याचं व्याज कोणी हिशेबात धरत नाही. म्हणून कॉलेजच्या ऑफिसात जाऊन फीचे हप्ते मागा. एक प्रवेशाला, एक दिवाळीनंतर, आणि ते लेखी घ्या. छोट्या कोर्सच्या बॅचेस वर्षभर सुरू होत असतात. त्यासाठी जूनमध्ये कर्ज काढायची गरजच नाही. "आजच भरा, उद्यापासून फी वाढणार" असं सांगणाऱ्याला "नोव्हेंबरला येतो" म्हणावं. नोव्हेंबरलाही फी तीच असते, अनुभवानं सांगतो.

पायरी ४: जागेवर जाऊन बघा

बॅच चालू असताना जा, कामाच्या दिवशी, न सांगता.

कोर्सच्या सेंटरवर रिसेप्शनमध्ये बसू नका, थेट मशीनपाशी जा. लेथच्या ट्रेमध्ये बघा. खाली ओला, तेलकट कीस पडलेला असेल तर मशीन चालतंय. ट्रे स्वच्छ आणि बेडवर धुळीचा थर असेल तर ते मशीन फोटोसाठी आहे. बोट फिरवून बघायला लाजू नका. मग पोरांचे हात बघा, नखांत काळं आहे का. एका मशीनमागं किती पोरं, दिवसातून प्रत्येकाच्या वाट्याला किती मिनिटं, हे पोरांनाच विचारा, मॅडमला नको. कॉम्प्युटरचा कोर्स असेल तर एखाद्या मुलाला म्हणा, "तू स्वतः बनवलेलं काहीतरी दाखव." त्यानं सरांची फाइल उघडली तर उत्तर मिळालं.

भिंतीवर नोकरी लागलेल्यांचे फोटो असतात. मागच्या बॅचच्या पूर्ण यादीतून तीन नावं तुम्ही निवडा आणि त्यांचे फोन नंबर मागा. त्यांनी निवडलेली तीन नावं घेऊ नका. फोनवर तीनच गोष्टी विचारा: पहिल्या महिन्याला हातात किती आले, सहा महिन्यांनी तिथंच आहेस का, आणि तुझ्या भावाला इथं पाठवशील का. मी एकदा एकाच पोराचा फोटो दोन सेंटरच्या भिंतींवर पाहिला, कंपनीची नावं वेगवेगळी. पोरगा ओळखीचा होता, त्याच्या मामाच्या ढाब्यावर असायचा.

डिग्री कॉलेजची तपासणी वेगळी. सकाळी अकराला वर्गात किती मुलं बसलीत ते बघा. "हजेरी लागत नाही, नुसती परीक्षा द्या" असं कोणी कौतुकानं सांगितलं तर तिथं डिग्री मिळेल, शिक्षण मिळणार नाही. काही जणांना तेवढंच हवं असतं. ते शहरात अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतात आणि डिग्री आपोआप होत राहते. तो मार्ग मी चूक म्हणणार नाही. पण मग किती प्रयत्न करायचे ते पहिल्याच वर्षी ठरवा आणि घरी सांगून ठेवा. वयाच्या तिशीत अभ्यासिकेतून परत आलेल्या पोरांची तोंडं मी बघितलीत.

पायरी ५: कागद खरा आहे का

हे मोबाईलवर अर्ध्या तासात होतं. विद्यापीठ यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत आहे का बघा. यूजीसी बनावट विद्यापीठांचीही यादी काढते, तीही चाळा. कॉलेज कोणत्या विद्यापीठाला जोडलेलं आहे ते त्या विद्यापीठाच्या साइटवरून बघा. मराठवाड्यात मुख्यतः दोन: संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, आणि लातूर, नांदेड, परभणी, हिंगोलीला स्वामी रामानंद तीर्थ. फार्मसी, नर्सिंग या गोष्टी आपापल्या कौन्सिलच्या यादीत तपासा. आयटीआय असेल तर ट्रेडला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी, जुन्या बोलीत एनसीव्हीटी) मान्यता आहे का हे विचारा, नुसतं "आयटीआय" असं नाव लावलेल्या दुकानांना भुलू नका. छोट्या कोर्सच्या प्रमाणपत्रावर एनसीव्हीईटीची (व्यवसाय शिक्षणाची राष्ट्रीय परिषद) मान्यता आणि एनएसक्यूएफचा (कौशल्याच्या पातळ्यांची राष्ट्रीय चौकट) स्तर लिहिलेला असतो का, ते जुनं प्रमाणपत्र हातात घेऊन बघा. नुसता 'आयएसओ' चा शिक्का म्हणजे शिक्षणाची मान्यता नव्हे.

पायरी ६: दोन्ही हवं असेल तर क्रम लावा

सगळ्यात जास्त वेळ आमचा इथं गेला. डिग्री आणि कोर्स या दोन वेगळ्या वाटा आहेत असं लोक धरून चालतात. मधे केवढ्या तरी गल्ल्या आहेत.

दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड करा, जोडारी, कातारी (टर्नर), यंत्रकारागीर (मशिनिस्ट), वीजतंत्री यांपैकी काहीही, आणि त्यावर इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमानंतर पुन्हा इंजिनिअरिंग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक टप्प्यावर हातात विकता येईल असा कागद असतो. मधेच बाप आजारी पडला, पाऊस गेला, बहिणीचं लग्न निघालं, तरी शिक्षण वाया जात नाही. आपल्याकडं हे 'मधेच' फार वेळा येतं. बारावी सायन्सवाल्यांनाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचं दार उघडं आहे, हे निम्म्या पालकांना ठाऊकच नसतं. आयटीआयवर राज्य मंडळाचे भाषा विषय दिले तर बारावीची समकक्षताही मिळवता येते. मात्र ज्या भरतीसाठी ती वापरायची, तिच्या जाहिरातीत समकक्षतेबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा.

दहावीनंतरच ज्याला कारखान्यातलं खोल काम शिकायचंय त्यानं संभाजीनगरची दोन नावं बघावीत. इंडो जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा आहे, सिपेट या केंद्र सरकारच्या संस्थेत प्लॅस्टिक आणि मोल्डचे डिप्लोमा. प्रवेश परीक्षेच्या तारखा लवकर निघून जातात. निकालाच्या आधीपासून लक्ष ठेवा.

घर सोडता येत नसेल, आणि मुलींच्या बाबतीत हे फार वेळा होतं, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ पासून चालतं, तिथली पदवी सरकारी भरतीला चालते. दिवसा काम किंवा कोर्स आणि सोबत मुक्त विद्यापीठाची बी.ए. किंवा बी.कॉम., ही जोडी मला तरी सगळ्यात शहाणी वाटते. २०२२ पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्या करायलाही मुभा दिली आहे, एक नियमित आणि एक दूरस्थ अशा. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. पण बाहेर पडण्यासाठीच आत जाऊ नका, एका वर्षाच्या बी.ए.च्या प्रमाणपत्राला बाजारात अजून भाव नाही.

आणि अप्रेंटिसशिप. हे दार लोक विसरतातच. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. आयटीआय, डिप्लोमा, पदवी, तिघांनाही जागा असतात. शिकता शिकता विद्यावेतन मिळतं आणि कंपनीचा शिक्का असलेला अनुभव. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही २०२४ मध्ये बारावीला महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीला १०,००० असं विद्यावेतन ठेवलं होतं. ती नोकरी नव्हे, प्रशिक्षण आहे, संपलं की संपलं. एवढं डोक्यात ठेवून घ्या.

स्वतःचं दुकान टाकायचं असेल तर खिशातले ४५,००० काढण्याआधी जिल्ह्याच्या आरसेटीत जाऊन या. बँकांनी चालवलेल्या या संस्थांमध्ये ग्रामीण तरुणांना शिवणकाम, शेळीपालन, मोबाईल दुरुस्ती, मोटार रिवाइंडिंग असले १० ते ४५ दिवसांचे कोर्स फुकट असतात, राहणं-खाणंही फुकट. बोर्ड साधा असतो, म्हणून कोणी आत जात नाही.

पायरी ७: पैसे देताना

माझ्या घरातलीच गोष्ट. पुतण्यानं पुण्याला कॉम्प्युटरचा एक कोर्स लावला. "फी नंतर, नोकरी लागल्यावर, सोप्या हप्त्यांत." टॅबवर सही घेतली. ती सही फीच्या हप्त्यांची नव्हती, एका फायनान्स कंपनीच्या कर्जाची होती. पैसे संस्थेला एकरकमी मिळाले. दुसऱ्या महिन्यात शिकवणारे सर सोडून गेले, क्लास रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर आला. पुतण्यानं जाणं बंद केलं. हप्ते मात्र दीड वर्ष चालले. ते मी भरले, कारण सही करताना शेजारी मीच बसलो होतो आणि चष्मा विसरलो होतो.

तेव्हा सही करण्याआधी एकच विचारा: हे पैसे मी संस्थेला देतोय की माझ्या नावावर कर्ज निघतंय? पॅन, आधार आणि ओटीपी एकत्र मागितले की कर्जच आहे असं समजा. प्रत्येक रुपयाची छापील पावती घ्या. 'शंभर टक्के नोकरी' म्हणत असतील तर पावतीच्या मागं तेवढंच लिहून सही-शिक्का मागा. आजवर एकानंही मला तो दिलेला नाही. मूळ मार्कमेमो आणि टीसी खाजगी क्लासकडं कधीच ठेवू नका. कॉलेजनंही मूळ कागद पडताळून परत द्यायचे, अडवून ठेवायचे नाहीत, असा यूजीसीचा २०१८ चा आदेश आहे. डिग्रीचा प्रवेश रद्द केला तर फी परत मिळण्याचेही नियम आहेत, तारखा लवकर उलटतात. खाजगी क्लासनं फसवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. फोन मोफत आहे.

पायरी ८: दाखले

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, लागत असेल तर जात पडताळणी. निकालानंतर नव्हे, एप्रिलमध्येच सेतूत अर्ज टाका. जूनमध्ये सर्व्हर आणि साहेब दोन्ही सापडत नाहीत. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. मुलींसाठी एक गोष्ट ठळक: २०२४-२५ पासून कॅप राऊंडनं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना बघा. रोज येऊन-जाऊन करणाऱ्या मुलींना एसटीचं तिकीट मार्च २०२३ पासून अर्धंच आहे. हेही हिशेबात धरा, वर्षाला बरीच रक्कम होते.

तर ते गृहस्थ. पोराला आत बोलावलं. "तुला काय व्हायचंय?" म्हटल्यावर तो बुटाकडं बघत म्हणाला, "पोलीस." पोलीस शिपायाला बारावी लागते, संभाजीनगरची खोली लागत नाही. तो तालुक्याच्या सरकारी आयटीआयमध्ये वीजतंत्रीला बसला. सोबत भाषा विषयांचा फॉर्म आणि पहाटे पळायला मैदान, जे गावातच आहे. भरती हुकली तर हातात ट्रेड आहे.

पोरीला विचारलं तेव्हा बापच आधी बोलले. विहिरीवरची मोटार बंद पडली की वायरमनच्या आधी हिलाच बोलवावं लागतं, स्टार्टर तीच चालू करते. मी विचारलं, "कसा चालू करतेस गं?" तर म्हणाली, "काडी लावते सर. कॉन्टॅक्टर दाबून धरायला." आमच्या पट्ट्यात निम्मे स्टार्टर अशा काडीवर चालतात. बारावीला फिजिक्स-मॅथ्स होतं. सरकारी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल, थेट दुसरं वर्ष, कॅपमधून नंबर लागला. जो पैसा पोराच्या खोलीसाठी बाजूला काढला होता तो तिच्या मेसला गेला. बापाला हे पटायला तीन तासांतले दोन लागले, हे खोटं कशाला सांगू.

दिवाळीला ती दुकानात आली. टीसीची झेरॉक्स हवी होती. म्हणाली, "सर, ती काडी काढली. एक फेज गेला तर रिले ट्रिप होऊन मोटार वाचवतो, आणि आपण काडी लावून त्यालाच अडवत होतो. म्हणून दरवर्षी वाइंडिंग जळायचं." मग पर्समधून पैसे काढले, दोन प्रतींचे. भाच्यानं घेतले नाहीत.